उंदरांच्या प्रयोगांची दुसरी बाजूही लिहा

तुमच्या लेखात 'बायकांची प्रतिकारशक्ती मुळातच चांगली, म्हणून कोरोनात पुरुष जास्त दगावले' असं सरसकट लिहिलंय, ते मला पटलं नाही. मी निपाणीची. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, बाबा विड्या ओढायचे. तिच्या पदराला कायम तंबाखूचा वास, आणि खोकला दोघांनाही. अशा घरात कोण कशामुळे जास्त आजारी पडलं हे वेगळं काढणार कसं? पिंजऱ्यातल्या उंदरांना ना विडी, ना चुलीचा धूर. नर-मादीला विषाणूचा डोसही सारखाच. म्हणून हे प्रयोग मला मोलाचे वाटतात.

सार्सच्या, म्हणजे कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूवरचा २०१७ चा प्रयोग बघा. नर उंदीर जास्त मेले. माद्यांची अंडाशयं काढली किंवा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं काम औषधाने अडवलं, तेव्हा त्याही जास्त मरू लागल्या. नरांची वृषणं काढून मात्र फरक पडला नाही. म्हणजे तिथे राखण इस्ट्रोजेनची होती.

पण इन्फ्लुएन्झात, म्हणजे फ्लूत, चित्र उलटं! बऱ्याच प्रयोगांत माद्याच जास्त आजारी पडतात. फुप्फुसातला विषाणू नराइतकाच असतो, दाह मात्र जास्त होतो. तीच जोरदार प्रतिकारशक्ती अंगाशी येते. हे लेखात यायलाच हवं होतं. नाहीतर 'मला काय होतंय' म्हणत खोकला अंगावर काढणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना आणखी एक निमित्त मिळेल. माझ्या आईने पंधरा दिवस असाच काढला होता.