गावाला विचारा, कोर्टाला नको?

परवा रात्रपाळीवरून आलो, मोबाईल उघडला तर घरच्या ग्रुपवर परत गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवरून भांडण. चुलतभावाने लिहिलेलं, "अख्खा डिचोली तालुका खाण मागत होता, दोन जज कोण बंद करणारे? गावाला विचारा." खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

अरे, 2014 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने खाणींची लीज, म्हणजे भाडेपट्टे, नव्याने द्यायला सांगितलेलं, सरकारने जुन्याच लोकांना जुनीच लीज वाढवून दिली, म्हणून 7 फेब्रुवारी 2018 ला 88 लीज रद्द झाली. हे वाचलं किती जणांनी? आमच्या बाबांचाही खनिज वाहणारा ट्रक अंगणात उभा राहिला, टायरांखाली गवत वाढलं, बँकेचे हप्ते मी इथून, इंग्लंडहून फेडले, त्यामुळे मला पोटाचं कळत नाही असं कोणी बोलू नये. पण मावशीच्या शेतात दर पावसात खाणीचा लाल गाळ उतरायचा तेव्हा गाव विचारायला गेलं होतं का? हात वर करायला लावले असते तर तिच्या बाजूने एक तिचाच.

इथे स्विंडनला मला ज्युरीचं पत्र आलं, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवायला कोर्टात बसवतात त्या साध्या नागरिकांत माझं नाव निघालं. पहिल्याच दिवशी ताकीद, गुगल करायचं नाही, घरी बोलायचं नाही, समोर येईल तेवढ्यावरच ठरवायचं. शेजारच्या खुर्चीतली बाई सगळं बारीक अक्षरात लिहून घ्यायची, लंचला आम्ही फक्त पावसावर बोलायचो. काय ठरलं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आपल्याकडे सकाळी एफआयआर, संध्याकाळी ग्रुपवर निकाल.

मतं मोजायची तिथे मोजतातच की. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात आजोबांनी फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला मत दिलं, विलीनीकरण 34,021 मतांनी हरलं. मराठी घर आमचं, आजोबांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं, पण दोन पानांवर, म्हणजे वेगळ्या गोव्याच्या खुणेवर मत दिलेल्या शेजाऱ्याकडे चवथीच्या नेवऱ्या पाठवायच्या त्यांनी सोडल्या नाहीत.

हे सगळं टाइप करून पाठवलं. चुलतभावाचं एका ओळीत उत्तर, "तुझं नाव तरी आहे का यादीत?"

नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तेव्हाच भारतीय नागरिकत्व गेलं आणि नावही. मागच्या निवडणुकीला आईने मतदार यादीचा फोटो पाठवलेला, आमच्या घर नंबरवर बाबा, ती, भाऊ, वहिनी. माहीत असूनही मी झूम करून वहिनीच्या खाली बघत राहिलो. इथे अनोळखी माणसाचा फैसला करायला मला बसवतात आणि माझ्या वाड्याचा पंचायतीतला पंच निवडायला मला मत देता येत नाही, हे चुलतभावाने बरोबर ओळखलं आणि ते मला अजून सलतंय. पण मावशीच्या शेताबद्दल त्याने अजून काही लिहिलेलं नाही.