ताक नव्हे, मीठ कमी करा : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. "तीन पिढ्या आम्ही कुळथाच्या कळणावर मुतखडे पाडले, दूध-दही बंद केलं की काम झालं. तुम्ही मात्र खडेवाल्यांना ताक पाजता आणि आमच्या अळवावर बंदी घालता," असं तुम्ही लिहिलंत.

अळवाचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. "अळू अजिबात नको" असं मी सरसकट लिहायला नको होतं. अळवाने घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि बहुतेक खडेही त्याचेच असतात, म्हणून भीतीपोटी तसं लिहिलं गेलं. ज्यांना असा खडा होऊन गेलाय त्यांनी फदफदं रोज खाऊ नये. कधीतरी वाटीभर खाल्लं, तर त्याच जेवणात ताक किंवा दही घ्यावं.

ताकावरून मात्र मी मागे हटणार नाही. दूध-दह्यातलं कॅल्शियम आणि अळवासारख्या भाज्यांतलं ऑक्झलेट आतड्यातच एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात. दूध-दही तोडलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास झाला, तो 2002 साली छापून आला. निम्म्यांचं कॅल्शियम कमी केलं. बाकीच्यांचं नेहमीइतकंच ठेवून मीठ आणि मांस-मासे कमी केले. पहिल्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या 60 पैकी 12 जणांना.

हे वाचताना मला माझे वडील दिसत होते. पहिल्या खड्यानंतर दोन वर्षं त्यांनी ताकाला हात लावला नाही, पण सकाळच्या पेजेबरोबर खारा बांगडा नाहीतर खारातली कैरी रोज असायची. दुसरा खडा झाला तेव्हाही आम्ही दह्याचाच संशय घेतला. मीठ जास्त झालं की लघवीतून सोडियमबरोबर कॅल्शियमही जास्त जातं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे मीठ फक्त ताटाच्या कडेला नसतं. ते सुक्या मासळीत असतं, लोणच्यात असतं, कोकमाच्या खारवलेल्या रसात, म्हणजे आगळातही असतं. मी आता बिनमिठाची आमसुलं भिजवून सोलकढी करते.

राहिलं कुळीथ. कळण जरूर प्या, त्या निमित्ताने पाणी पोटात जातं. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. वैशाखात आंब्याच्या बागेत घाम गाळणाऱ्याला त्यासाठी तीन लिटर पाणीही पुरत नाही. लघवी फिकट दिसेपर्यंत पीत राहायचं. (मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी पाण्याचं माप डॉक्टरांनाच विचारावं.) पण कळणाने खडा विरघळतो, असं मी लिहिणार नाही. लहान खडे पुष्कळदा आपले आपणच पडतात. कळ येऊन थंडी-ताप भरला किंवा लघवी अडली, तर चुलीवर कुळीथ चढवू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. मला काळजी वाटते ती याचीच.

तुमचा पडलेला खडा तपासायला दिला होतात का? तो युरिक ॲसिडचा निघाला, तर अळवाचा प्रश्नच उरत नाही. मग युरिक ॲसिड वाढवणाऱ्या तारली, मांदेलीसारख्या मासळीबद्दल बोलावं लागेल. रिपोर्ट असेल तर नक्की कळवा.