‘ताई, जरा वाचन वाढवा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यातल्या ब्रिटनीवरच्या (फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा प्रांत) लेखाखाली एक प्रतिक्रिया आली. तिथंच चार ओळींत उत्तर द्यायला बसले आणि ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी प्रतिक्रिया अशी:

“ताई, लेख ओघवता आहे, पण जरा वाचन वाढवा. नांत शहर ब्रिटनीत नाही, पे द ला ल्वार प्रांतात आहे, नकाशा बघा. उगाच बेळगावचा सीमाप्रश्न फ्रान्सवर लादू नका. मों-सँ-मिशेलचा फोटो टाकलाय, तेही नॉर्मंडीत येतं. नांतच्या श्रीमंतीचं एवढं कौतुक करताना ती गुलामांच्या व्यापारातून आली हे एका शब्दानंही नाही? आणि ब्रेटन भाषा पॅरिसनं मारली म्हणता, पण मुलांशी फ्रेंच बोलायचं ठरवलं ते आयांनीच ना? मी स्वतः पॅरिसला दोनदा जाऊन आलोय.”

आधी ‘ताई’चं बघू. ताई म्हणायला माझी हरकत नाही, शेजारची मुलं म्हणतातच. पण ताई म्हणून लगेच पुढच्या शब्दाला कान पिळायचा ही पद्धत मी ओळखते. आमच्या कॉलेजात एक सर होते, ते मुलींना ‘बाळ’ म्हणत आणि मग गुण कापत. चूक दाखवायची तर सरळ दाखवावी. ‘वाचन वाढवा’ हा मुद्दा नव्हे, टपली आहे. या ब्लॉगवर नऊ वर्षं लिहितेय, चुका दाखवणारे पुष्कळ भेटले, त्यांचे आभारही मानले आहेत. टपलीचे मानत नाही.

आता चूक. मों-सँ-मिशेल नॉर्मंडीत आहे, शंभर टक्के मान्य. फोटो काढला आहे. सरहद्दीवरच्या क्वेनों नदीला वेड लागलं आणि तिनं पात्र बदलून तो डोंगर नॉर्मंडीला देऊन टाकला, असं ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीचे लोक म्हणतात. मी त्यांच्यात राहून त्यांच्यासारखी झाले असेन. तर ही चूक माझी. झालं समाधान?

मग नांतकडे येऊ, कारण ‘नकाशा बघा’ हे वाक्य मला दोन दिवस झोपू देत नाहीये.

कुठला नकाशा बघू? ८५१ मध्ये फ्रँकांच्या राजाशी तह झाला आणि रेन, नांत, रेत्स हा सगळा पट्टा ब्रेटन राजाच्या हाती आला, तो? पुढं व्हायकिंगांनी नांत बळकावलं, ते ९३७ मध्ये आलँ बार्बतोर्तनं परत घेतलं आणि तिथंच राजधानी केली, तो? ज्या किल्ल्याचं मी लेखात वर्णन केलं तो दुसऱ्या फ्रांस्वानं १४६६ मध्ये नव्यानं बांधायला घेतला. हा फ्रांस्वा कोण, तर ब्रिटनीचा ड्यूक. किल्ल्याचं नाव आजही ‘ब्रिटनीच्या ड्यूकांचा किल्ला’ असंच आहे. पाटी सरकारीच आहे हो.

त्याची मुलगी आन १४७७ मध्ये तिथंच जन्मली. १४८८ मध्ये सँ-तोबँ-द्यु-कोर्मियेच्या लढाईत ब्रेटन सैन्य हरलं, काही आठवड्यांत बाप गेला आणि अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, आली. पुढं एका फ्रेंच राजाशी लग्न, तो मेल्यावर त्याच्यामागून गादीवर आलेल्याशी लग्न. दोनदा फ्रान्सची राणी झालेली ती एकटीच. १५१४ मध्ये वारली तेव्हा देह राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणं सँ-दनीला गेला, पण काळीज सोन्याच्या डबीत घालून आईबापांच्या थडग्याकडे पाठवायचं अशी तिची इच्छा होती. ते कुठं पाठवलं? नांतला. ब्रिटनीची डचेस स्वतःचं काळीज परप्रांतात पाठवेल का, एवढंच सांगा. (ही डबी २०१८ मध्ये संग्रहालयातून चोरीला गेली आणि काही दिवसांत सापडली. त्या आठवड्यात मी नांतलाच होते. आमच्या घरमालकीण आजी रेडिओला कान लावून बसल्या होत्या, घरातलंच कुणी हरवल्यासारख्या.)

अजून एक, आणि हे तुम्हाला पॅरिसमध्ये दिसणार नाही. मिठाचा कर. जुन्या राजवटीत फ्रान्सच्या बऱ्याच भागांत मिठावर जबर कर होता, ब्रिटनीला तो माफ होता. म्हणून तर ब्रिटनीचं लोणी खारं. नांतला मीठ स्वस्त, आणि लगतच्या आंजू प्रांतात तेच कित्येक पट महाग. सरहद्दीवरून रात्री चोरून मीठ नेणारे असत, सापडले तर गलबतांवर वल्ही मारायला धाडत. आज तुमच्या नकाशात नांत आणि आंजूचं आंजे हे एकाच प्रांतात आहेत! ज्या रेषेवर मिठासाठी माणसं वल्ही मारायला गेली ती रेषा पुसायला किती वेळ लागला? एक सही. ३० जून १९४१, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांपुढं हरलेल्या फ्रान्सच्या, पेतांच्या विशी सरकारचा हुकूम. नांतचा जिल्हा आंजेच्या विभागाला जोडला. युद्धानंतर विशीची रचना मोडली, पण १९५६ मध्ये पॅरिसच्या अधिकाऱ्यांनी नियोजनासाठी विभाग पाडले त्यात नांत पुन्हा बाहेरच. २०१६ पासून प्रांत बावीसचे तेरा झाले, देशभर तोडजोड झाली, आणि नेमकं ब्रिटनी आणि पे द ला ल्वार या दोघांना हात लावला नाही. त्याआधी २०१४ मध्ये नांतच्या रस्त्यावर हजारो माणसं उतरली होती. त्यांनाही वाचन वाढवायला सांगावं का?

ब्रिटनीचा काळा-पांढरा झेंडा १९२३ चा. त्यात नऊ पट्टे, नऊ जुन्या धर्मप्रांतांचे. पाच काळे, त्यातला एक नांतचा. तुमच्या नकाशाप्रमाणं चालायचं तर शिंप्याकडे द्यावा लागेल.

आता बेळगाव. लेखात मी तो शब्द एकदा लिहिला होता. एकदाच. मोजून बघा. आणि का लिहू नये? माझे आजोबा बेळगावचे, आमचं घर शहापुरातलं. १९५६ मध्ये घर होतं तिथंच राहिलं, राज्य बदललं. आजोबांच्या कपाटाच्या दाराला आतून जुन्या मुंबई राज्याचा नकाशा चिकटवलेला होता, कपडे काढताना दर वेळी दिसायचा. मला नकाशा बघायला सांगताय? मी नकाशे बघतच मोठी झाले. १९५६ हे साल दोन्हीकडं यावं यात माझा काय दोष?

नांतला साडेतीन वर्षं राहिले, तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. घरमालकीण आजींच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ४४ हा जिल्ह्याचा आकडा आणि वर पे द ला ल्वारचं चिन्ह. त्या चिन्हावर त्यांनी ब्रेटन झेंड्याचं स्टिकर डकवलं होतं. नियमात बसत नाही ते, आजींनाही माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, “आकडा त्यांचा, गाडी माझी.” त्यांची आजी गेरांदच्या मिठागरांजवळच्या बा गावची. त्या गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत म्हातारी माणसं ब्रेटन बोलत, आणि ते गाव नांतच्याच जिल्ह्यात आहे. खुद्द नांत शहरात ब्रेटन फारशी कधी नव्हती हे मला ठाऊक आहे, कुणी तो मुद्दा काढण्याआधी सांगून टाकते. पण मग रेनमध्ये, आजच्या ब्रिटनीच्या राजधानीत, तरी कुठं होती? पूर्व ब्रिटनीची बोली गालो, ती फ्रेंचची चुलत बहीण. रेनला ब्रिटनीतून काढा म्हणून कुणी म्हणत नाही.

बेळगावात जे झालं ते तिथं झालं नाही, हेही खरं. नांतला भाषेवरून कुणी कुणाची गाडी फोडत नाही. तेवढा फरक मला कळतो. पण आजींचं ते स्टिकर बघून मला कपाटाचं दार आठवलं, आणि ते ‘लादणं’ असेल तर असो.

गुलामांच्या व्यापाराबद्दल: किल्ला पंधराव्या शतकातला, तो व्यापार मुख्यतः अठराव्या शतकातला. शहराच्या श्रीमंतीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, फ्रान्समधलं त्या धंद्याचं सगळ्यात मोठं बंदर नांतच. २०१२ पासून नदीकाठी स्मारक आहे, जमिनीत काचेच्या पट्ट्यांवर जहाजांची नावं आहेत, मी त्यावरून कामाला चालत जायचे. तो वेगळ्या लेखाचा विषय. प्रत्येक लेखात सगळं कोंबता येत नाही.

आयांबद्दल: शाळेत ब्रेटन बोलल्याची शिक्षा म्हणून गळ्यात लाकडी जोडा अडकवलेलं पोर घरी आलं की आईनं काय ठरवावं, ते तुम्हीच सांगा. १९७७ पासून ‘दिवान’ नावाच्या ब्रेटन शाळा चालू आहेत. (मराठी माणसाला हा शब्द बघून कारभारी आठवेल, ब्रेटनमध्ये त्याचा अर्थ अंकुर.) २०२१ मध्ये सगळं शिक्षण प्रांतीय भाषेतून देण्याची सवलत घटना परिषदेनं रद्द ठरवली. तीही आयांनीच रद्द केली का? यापुढं यावर वाद घालणार नाही. माझी मुलगी घरात कुठल्या भाषेत बोलते हाही इथला विषय नाही. तुम्ही तो काढलेला नाही म्हणा, मीच उगाच लिहून गेले.

राहता राहिलं पॅरिस. पॅरिसला दोनदा जाऊन ब्रिटनी कळत असती तर दिल्लीला दोनदा गेलेल्याला शहापूर कळायला हवं होतं. राग आला असेल तर क्षमस्व, पण सुरुवात मी केली नव्हती.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा लेख १६६६ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी वसवलेल्या लोरियाँ बंदरावर आहे. त्यात १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बूर्दोने येईल. तो सँ-मालोचा. सँ-मालो ब्रिटनीतच आहे, नकाशा बघा.