ॲप राहू द्या, गुण वाढवा

तुमचं ॲप लोकांना वापरता येतंय का, हे बघायचा एक मार्ग म्हणजे चार अनोळखी माणसांच्या हातात फोन द्यायचा आणि मागे गप्प उभं राहायचं. हा मार्ग टाळा. माणसं नको तिथे बोट लावतात, 'आता काय करू?' म्हणून तुमच्याकडे बघतात, आणि तुमच्या डिझायनरने महिनोन्‌महिने खपून केलेल्या बटणाला एखाद्या काकू जाहिरात समजून पुढे जातात. बघवत नाही. त्यापेक्षा प्रश्नावली वाटा.

तिचं नाव सिस्टिम युजेबिलिटी स्केल (SUS), म्हणजे वापरसुलभतेची मोजपट्टी; लाडाने 'सस'. इंग्लंडमधल्या रेडिंगला, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना जॉन ब्रुक यांनी १९८६ साली ती तयार केली. दहा विधानं, प्रत्येकापुढे १ ते ५ : 'अजिबात पटत नाही' ते 'पूर्णपणे पटतं'. ब्रुक स्वतःच तिला 'क्विक अँड डर्टी' म्हणत. यातलं क्विक तेवढं तुमच्या स्लाइडवर घ्या.

गुण काढायची रीत अशी. विषम क्रमांकाची विधानं स्तुतीची, सम क्रमांकाची तक्रारीची. विषम उत्तरातून १ वजा करायचा, सम उत्तर ५ मधून वजा करायचं, बेरजेला २.५ ने गुणायचं. येतो ० ते १०० मधला आकडा. तो टक्केवारी नसतो, पण दिसतो अगदी टक्केवारीसारखा, आणि तुमचं निम्मं काम तिथेच होतं. सर्वसाधारण सरासरी ६८ च्या आसपास धरतात. म्हणजे ६८ मिळालेलं ॲप वर्गातल्या मधल्या बाकावरचं. पण तुमचे साहेब दहावीच्या हिशेबात वाढलेत. त्यांच्या लेखी ६८ म्हणजे फर्स्ट क्लास. त्यांचा आनंद हिरावून घेऊ नका.

आता माणसं निवडा. ॲप बनवणारीच सर्वांत उत्तम, त्यांना सगळं कुठे आहे ते पाठ असतं. ती कमी पडली तर हिशेब विभागातली. प्रश्नावली वापर झाल्याझाल्या, कसलीही चर्चा होण्याआधी भरून घ्यावी असं ब्रुक सांगतात. तुम्ही आधी चहा-सामोसे होऊ द्या, भेटकूपन हातात ठेवा आणि 'आमच्या पोरांनी फार मेहनत घेतली हो' एवढं सहज बोलून जा.

आपल्या लोकांच्या सौजन्याची तेवढी काळजी घ्या. काही सज्जन न वाचता सगळीकडे ५ वर खूण करतात. त्यांच्या मते ॲप सोपंही आहे आणि उगाच किचकटही, आणि दोन्ही त्यांना पूर्णपणे पटतं. अशा माणसाचे गुण बरोब्बर ५० होतात. (सगळीकडे १ करणाऱ्या चिडक्याचेही ५०च.) हे कागद 'त्यांना काय म्हणायचं होतं' ते ओळखून तुम्हीच दुरुस्त करा. आणि ॲप अगदीच टाकाऊ असेल, तर सम उत्तरं ५ मधून वजा करायची विसरूनच जा, त्यांतूनही १च वजा करा. मग उत्तमातल्या उत्तमाला ५०, भिकारातल्या भिकारालाही ५०. मुद्दाम केलं असं कुणी म्हणणार नाही. जाणत्या संशोधकांच्या हातूनही ही चूक झालेली आहे.

पहिल्या विधानाशी जपून : 'मला हे वारंवार वापरायला आवडेल.' तुमचं ॲप विम्याचा दावा करण्याचं असेल, तर कुठला शहाणा हो म्हणेल? दर महिन्याला घरातलं कुणीतरी दवाखान्यात पडावं असं कुणाला वाटेल? तिथे तुमचे गुण हकनाक जातात. उलट चौथं विधान, वापरायला तांत्रिक माणसाची मदत लागेल का, हे हमखास तारून नेतं. आजोबा बिनदिक्कत 'अजिबात नाही' म्हणतात, कारण सगळी बटणं दाबून देणारा नातू काही तांत्रिक माणूस नाही, आठवीत आहे. शिवाय आपली बरीच माणसं अडली की स्वतःलाच दोष देतात : 'ॲप चांगलंच असणार, मलाच मेलीला जमत नाही.' या पिढीला उदंड आयुष्य लाभो.

पाचच जणांना विचारलं असलं तरी सरासरी दोन दशांशांपर्यंत द्या. ७१.५० म्हटलं की हजार माणसं विचारल्यासारखं वाटतं. खरी सरासरी किती खाली-वर असू शकेल, हे कुणी विचारेपर्यंत बैठक संपलेली असते.

आणि एवढं करूनही ५२ आले, आणि 'का?' असा प्रश्न आलाच, तर निर्धास्त राहा. नेमकं कुठे अडतं ते ही प्रश्नावली सांगतच नाही. सुट्या विधानांच्या गुणांवरून निष्कर्ष काढू नयेत असं खुद्द ब्रुक यांनी म्हटलंय, तेव्हा त्यांचा दाखला द्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं ठरवून उठा. मात्र जमा केलेले कागद एकदा नजरेखालून घाला. कुणीतरी आगाऊपणा करून समासात लिहिलेलं असतं : 'ओटीपी बघायला मेसेज उघडला की फॉर्म कोरा होतो.' या ओळीला २.५ ने गुणता येत नाही, तेव्हा ती एक्सेलमध्ये घेऊ नका.