जुन्या साडीचं दुपटं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

जुन्या साड्यांच्या दुपट्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं असं: पेटीतली जुनी साडी नवजात बाळाच्या अंगाला लावणं अस्वच्छ, त्यात गोव्याची दमट हवा, बाजारात मऊ फ्लीसचं ब्लँकेट स्वस्तात मिळत असताना हा खटाटोप कशाला, आणि डॉक्टर बाळाच्या अंथरुणात पांघरूण नको म्हणत असताना मी हौसेपोटी धोक्याची गोष्ट शिकवते.

शेवटचा मुद्दा सगळ्यात गंभीर, म्हणून तो आधी. डॉक्टर बरोबरच सांगतात. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ सैल पांघरूण, उशी, मऊ गादी असू नये, आणि बाळ पाठीवर झोपवावं, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचीही शिफारस आहे. दुपटं झोपेतल्या बाळावर घालायचं नाहीच. ते मांडीवर पसरायला, तेल लावताना खाली घालायला, न्हाऊ घातल्यावर बाळाला उचलून घ्यायला. बाळ जागं आणि मोठं माणूस जवळ, तेवढ्यापुरतं. गुंडाळतानाही पाय सरळ ताणून आवळू नका. गुडघे वाकून बाजूला पडायला जागा हवी, नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होऊ शकतो. बाळ वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद. रात्री गार वाटलं तर अंगात आणखी एक झबलं घाला.

आता कापड. जुनी सुती साडी मी सुचवते ती आठवणींसाठी नव्हे. वर्षानुवर्षं धुतल्याने तिची खळ गेलेली असते, सुटा रंग निघून गेलेला असतो आणि आटायचं तेवढं कापड आटलेलं असतं. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं. जुन्या साडीला न भिजवता नवं अस्तर लावलंत तर पहिल्याच धुण्यात दुपट्याला सुरकुत्या पडतात. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर. सूत हवेतली ओल आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास शोषून घेतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आपल्या हवेत, जिथे बाळाची मान पंख्याखालीही घामेजते, हा फरक फार मोठा आहे.

साडी निवडताना ती खिडकीशी उजेडावर धरा. निऱ्यांचा खालचा भाग आणि कमरेला खोचायची बाजू बहुधा विरलेली दिसते. तो भाग सोडा. बाकीच्या कापडाला दोन अंगठ्यांनी हलका ताण द्या. चर्रकन आवाज आला तर ती साडी फडक्याला. मग ओल्या पांढऱ्या रुमालाने एक कोपरा घासा. रुमालाला रंग लागला तर ती बाळासाठी नको. जरीचा काठ कापून टाका, टोचतो.

पेटीबद्दल मात्र तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांनी वाचावं. बुरशीचे काळे ठिपके पडलेली साडी वापरूच नका. आणि डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली तर अजिबातच नको. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या, विशेषतः जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या, तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. ही कमतरता आहे हे अनेक घरांत आधी ठाऊकही नसतं.

दमटपणाचा विचार करूनच मी दोनच थर सांगितले होते. आत कापूस किंवा आणखी कापड भरलेली गोधडी आषाढ-श्रावणात सुकतच नाही. वरून कोरडी लागते आणि आत कुबट वास धरते. दोन थरांचं दुपटं पावसातही पंख्याखाली सुकतं. जमलं तर फाल्गुन-चैत्रातच शिवून, कडक उन्हात वाळवून ठेवा.

शिवण साधा धावदोरा, टाके बारीक. लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं, आणि सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून गाठ दोन थरांच्या मध्ये दडवायची आणि लेस, बटण, टिकल्या काही लावायचं नाही.

खटाटोप कशाला, हे तुम्ही विचारलंत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, आणि इथून निसटून ते त्या जंगलात गेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी, म्हणजे एक प्रकारची गोधडी, शिवतात, कडेपासून सुरुवात करून फेर घेत मध्यापर्यंत, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले तिकोनी तुकडे लावतात. हाताशी फाटके कपडे आणि सुई एवढंच असताना त्यांनी जे उभं केलं, ते आज संग्राहक विकत घेतात. कडेपासून शिवायची त्यांची रीत मला फार आवडते. कड आधीच दुमडून पक्की होते, वेगळा गोठ लावावा लागत नाही. पैसे वाचवायला मी दुपटी शिवत नाही. सुनेच्या, भाचीच्या बाळंतविड्यात आपल्या हातचं एक कापड असावं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही घेतलेलं फ्लीसचं ब्लँकेट टाकून देऊ नका. मूल वर्षाचं झाल्यावर डिसेंबर-जानेवारीत घाटावर जाल तेव्हा कामाला येईल. तोवर एक साडी उजेडावर धरून बघा आणि कापडाबद्दल शंका असेल तर इथेच विचारा.