मतं न मिळवून देणारं काम

रिचर्ड लुगार यांना मी कधी मत दिलं नाही. ते हरले तेव्हा मी या देशाचा, अमेरिकेचा, नागरिकच नव्हतो. पण गावाकडचं कुणी फोनवर ‘आमचा खासदार दिल्लीत बसून जगाच्या गप्पा मारतो, इथल्या पाण्याचं काय?’ असं म्हणालं की मला इंडियानाचे हे सिनेटर आठवतात.

इंडियानापोलिसचे माजी महापौर, रिपब्लिकन, १९७७ ते २०१३ अशी सलग ३६ वर्षं सिनेटमध्ये. सोव्हिएत संघ कोसळत होता तेव्हा, १९९१ मध्ये, त्यांनी आणि डेमोक्रॅट सॅम नन यांनी एक विचित्र वाटणारा कायदा मांडला: ज्या शत्रूच्या भीतीने चाळीस वर्षं शस्त्रं जमवली, त्याचीच अस्त्रं मोडायला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून ४० कोटी डॉलर द्यायचे. सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ८ मतांनी तो संमत झाला. त्या कार्यक्रमात पुढे साडेसात हजारांहून अधिक अण्वस्त्रं निकामी झाली. १९९६ पर्यंत युक्रेन, कझाकस्तान आणि बेलारूसमध्ये एकही उरलं नाही. (आजच्या युक्रेनकडे पाहून कुणी या सौद्याचं मोल वेगळं लावेल. तो वाद खरा आहे, पण वेगळा.)

मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं काम. कायदा करून ते थांबले नाहीत. रशियातल्या श्चुचे इथे रासायनिक तोफगोळ्यांचा साठा होता, जवळजवळ २० लाखांचा. तिथे जाऊन लुगार यांनी एक गोळा ब्रीफकेसमध्ये ठेवून फोटो काढून घेतला. एवढीशी वस्तू कुणीही उचलून नेऊ शकतो, हे निधीला आडकाठी करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना पटवायचं होतं. या खटाटोपातून इंडियानाला ना पूल मिळाला ना कारखाना.

आणि मतदारांनी हिशेब केलाच. २०१० मध्ये ओबामांनी रशियाशी केलेला शस्त्रकपातीचा करार संमत व्हावा म्हणून लुगार स्वपक्षीयांशी भांडले. २०१२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत तेच त्यांच्यावर उलटलं आणि ते सपशेल हरले. मात्र दुसरा आक्षेप मला रास्त वाटतो: इंडियानातलं राहतं घर त्यांनी १९७७ मध्येच विकलं होतं आणि मतदार यादीत तोच जुना पत्ता चालवला होता. जगाची काळजी वाहणाऱ्याने मतदारसंघात एक घर ठेवायला हरकत नव्हती.

म्हणजे मतदार इथेही तसेच. फरक सभागृहात आहे. परराष्ट्र समितीवर लुगार तीन दशकांहून अधिक काळ बसले, दोनदा अध्यक्ष झाले. आपल्याकडे संसदेच्या स्थायी समित्या वर्षावर्षाने नव्याने नेमायची पद्धत. विषय कळू लागतो तोवर खासदाराची समिती बदललेली असते. आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची मान्यता लागत नाही. पक्षादेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. दुसऱ्या पक्षाच्या पंतप्रधानाचा करार वाचवायला भांडणारा लुगार आपल्याकडे उभा राहणार कुठे?

भारत-अमेरिका अणुकरारच घ्या. २००६ मध्ये लुगार अध्यक्ष असताना त्यांच्या समितीतून त्याचं विधेयक पुढे गेलं आणि सिनेटने ते ८५ विरुद्ध १२ मतांनी संमत केलं. त्याआधी समितीत सुनावण्या झाल्या. दिल्लीत त्याच करारावरून २२ जुलै २००८ ला मतदान झालं, पण प्रश्न होता सरकार राहणार की जाणार. २७५ विरुद्ध २५६ ने ते राहिलं. त्या दिवसाचं लोकांच्या लक्षात राहिलं ते लोकसभेत फडकलेल्या नोटांच्या पुडक्यांचं दृश्य. अणुभट्ट्यांच्या तपासणीवर कोण काय बोललं, ते आज कुणाला आठवतं?

त्यामुळे ‘आपल्या लोकांना गटारं आणि रस्ते यापलीकडचं कळत नाही’ असं इथल्या मराठी मंडळींत कुणी म्हणालं की मी वाद घालतो. आंतरराष्ट्रीय प्रश्नांवर हिरिरीने बोलणाऱ्या बॅ. नाथ पै यांना राजापूरने १९५७, १९६२ आणि १९६७ असं तीनदा लोकसभेत पाठवलं. आणि तेव्हा कोकणात धड रस्तेही नव्हते.