एमटीबीई आपोआप साफ होतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही लिहिलंय की पेट्रोलमधलं खरं विष म्हणजे बेन्झीन, एमटीबीईचा (पेट्रोल नीट जळावं म्हणून त्यात मिसळायचे ते रसायन) नुसता वास येतो, जमिनीतले जिवाणू सगळं खाऊन टाकतात आणि आता त्याच्या जागी इथेनॉल आलंय तेव्हा गळतीच्या सफाईवर पैसा ओतायची गरजच नाही. बेन्झीनबद्दल शंभर टक्के बरोबर, ते कॅन्सरकारक आहेच. पण एमटीबीईला तोच नियम लावता तिथे गडबड होते.

बघा, लिटरभर पाण्यात बेन्झीन जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतं आणि एमटीबीई जवळपास 50 ग्रॅम, वर ते मातीला फारसं चिकटतही नाही. म्हणजे पेट्रोलची जमिनीखालची टाकी गळली की बेन्झीन मागे रेंगाळतं आणि एमटीबीई भूजलाबरोबर पार पुढे निघून जातं. जिवाणू आहेत हो, एमटीबीई खाणारा पीएम-1 हा जिवाणूचा वाण तर प्रसिद्ध आहे, पण त्याला ऑक्सिजन लागतो आणि गळतीच्या आसपासचा ऑक्सिजन बाकीचं पेट्रोल खाणाऱ्यांनी आधीच संपवलेला असतो! म्हणून तर कॅलिफोर्नियातल्या पोर्ट हुएनेमेच्या नौदल तळावर जमिनीत ऑक्सिजन सोडून बायोबॅरियर, म्हणजे वाहत्या भूजलाच्या वाटेत जिवाणूंचा अडसर, उभा करावा लागला.

आणि 'नुसता वास' कसं म्हणता? अमेरिकेच्या ईपीएने (तिथली पर्यावरण संरक्षण संस्था) 1997 मध्ये सांगितलेली वास आणि चवीची मर्यादा 20 ते 40 पीपीबी (म्हणजे अब्जात इतके भाग), आणि कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला पाणी देणाऱ्या चार्नॉक विहिरींमध्ये तब्बल 610 पीपीबीपर्यंत सापडलं. 1996 मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या, शहराचं जवळपास निम्मं पाणी गेलं, बाहेरून विकत घ्यावं लागलं. वास मारणारं पाणी कुणी पोरांना पाजेल का?

खर्च जास्त होतो हे मान्य, पण तो उशिरामुळे वाढतो. एमटीबीई कोरड्या मातीत असेपर्यंत झटकन वाफ होतं, व्हॅक्यूम लावून खेचून काढता येतं. एकदा पाण्यात विरघळलं की हवा सोडून उडवायला बेन्झीनपेक्षा कितीतरी जास्त हवा लागते, कार्बन फिल्टर लवकर भरतात, आणि अर्धवट विघटन झालं तर टीबीए (एक प्रकारचं अल्कोहोल) उरतं, तेही पाण्यातून काढायला तितकंच चिवट.

राहिलं इथेनॉल. कॅलिफोर्नियात 2004 पासून एमटीबीई बंद झालं हे चांगलंच झालं, पण जुनं गळलेलं त्याने नाहीसं झालं नाही. शिवाय जिवाणू इथेनॉल आधी खातात, ऑक्सिजन त्यातच संपतो आणि तुम्हाला ज्याची खरी काळजी आहे ते बेन्झीन आणखी लांबवर पसरू शकतं. त्यामुळे टाक्यांजवळच्या मॉनिटरिंग विहिरी (भूजलाचे नमुने तपासायच्या) इथेनॉलच्या काळातही चालूच ठेवायला हव्यात, आणि त्यात बेन्झीन, एमटीबीई, टीबीए तिन्ही तपासायला हवेत.